शब्द कुठं कापायचा

दोन वर्षं मी फ्रेंच क्रियापदं कापायचं काम केलं. नवेगाव बांधच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे घरी बसून, पुण्याच्या एका कंपनीसाठी. कंपनी यंत्राला भाषा शिकवत होती, आणि यंत्राला माणसाच्या लेकरासारखं नुसतं ऐकून शिकता येत नाही म्हणे. त्याला घास बारीक करून भरवावा लागतो. तो बारीक करणाऱ्यांपैकी मी एक.

काम असं. सकाळी लॅपटॉप उघडला की एक लांबलचक तक्ता यायचा. डावीकडे क्रियापदाचं एक रूप, आणि त्याच्यापुढे दोन रिकामे रकाने. पहिल्या रकान्यात ते रूप तोंडात जसं तुटतं तसं तोडायचं, म्हणजे एका झटक्यात जेवढं निघतं तेवढा एक तुकडा. दुसऱ्या रकान्यात अर्थानं तोडायचं: मूळ कुठलं, काळ कुठला, कर्ता कोण. ‘आम्ही बोलतो’ याला फ्रेंचमध्ये ‘पार्लों’ म्हणतात. तोंड त्याचे ‘पार’ आणि ‘लों’ असे दोन तुकडे करतं. अर्थाचे तुकडे मात्र ‘पार्ल’ आणि ‘ओं’. ‘पार्ल’मध्ये बोलणं आहे आणि ‘ओं’मध्ये आम्ही आहोत. मधला ‘ल’ तोंडाच्या हिशेबानं पुढच्या तुकड्यात जातो आणि अर्थाच्या हिशेबानं मागच्या. शब्द एकच, कात्री दोन ठिकाणी. पहिले काही आठवडे मी सारखी गोंधळायचे, आणि वरची तपासणारी बाई लाल खुणा करून तक्ता परत पाठवायची. पुढे हात बसला.

आता आमच्याकडच्या पोरीला फ्रेंच कुठून आलं, हा प्रश्न मला एसटीच्या कंडक्टरपासून सगळ्यांनी विचारून झालाय. अकरावीला मी नागपूरला गेले. वसतिगृहातल्या एका ताईनं सांगितलं, फ्रेंच घे, मार्क पडतात. घेतलं. बारावी झाल्यावर बाकीच्या मुलींनी फ्रेंच टाकून दिलं, मला ते टाकवेना. पुढे परीक्षा देत राहिले, गावी परतल्यावर इंटरनेटवरून शिकत राहिले. बोलायला कोणी नाही म्हणून मी बांधाच्या, म्हणजे तलावाच्या, पाळीवर जाऊन बदकांशी फ्रेंच बोलते, असं माझी मावशी गावभर सांगायची. हे साफ खोटं आहे. बदकं येतात हिवाळ्यात, आणि मी जायचे उन्हाळ्यात.

घरात आम्ही दोघी, मी आणि आई. भिंतीपलीकडे मावशी, आईची धाकटी बहीण, याच गावात दिलेली. आईला माझ्या कामाचं नवल वाटलं नव्हतं. तिनं आयुष्यभर बिड्या वळल्या. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून त्या मापात कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, पंचवीस झाल्या की एक कट्टा. एकदा ती सूप मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पडद्याकडे बघत म्हणाली, "काय करून राहिली वं?"

"शब्द कापून राहिलो, माय."

आमच्याकडे बायासुद्धा स्वतःबद्दल असंच बोलतात, राहिलो, येतो, जातो. पुण्यात मला आता ते सांभाळावं लागतं.

"अन् छाट निघते का?" तिनं विचारलं.

छाट म्हणजे नापास बिड्या. आठवडाभराचे कट्टे घेऊन बाया ठेकेदाराकडे जायच्या. त्याचा माणूस कट्टा सोडायचा, बिड्या बोटांनी चाचपायचा आणि ज्या पसंत नाहीत त्या तळहाताच्या कडेनं एका बाजूला सारायचा. काही बोलायचा नाही, नुसता सारायचा. आईनं तीस वर्षं समोर उभं राहून ते पाहिलं होतं. मी तिला माझ्या तक्त्यातल्या लाल खुणा दाखवल्या. त्या बघून तिचं समाधान झालं. "मंग कामच आहे हे," ती म्हणाली आणि पुढचं पान घेतलं.

आईबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. आम्ही बौद्ध. माझे आजोबा दीक्षा घेऊन आले तेव्हापासून घरात उपास नाही, नवस नाही, मुहूर्त नाही. मांजर आडवी गेली तर आई मांजरीलाच दटावायची. विहारात दर पौर्णिमेला वंदनेला पुढे तीच बसायची. ती एक ओळ म्हणायची आणि मागे सगळ्या बाया ती ओळ म्हणायच्या. अशी ही बाई एका गोष्टीत मात्र कोणाचं ऐकत नसे. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही. ‘येतो’ म्हणायचं, आणि घरातल्या माणसानं ‘येजो’, म्हणजे परत ये, म्हणायचं. आमचे बाबा कोहमाऱ्याला ट्रकवर माल चढवायच्या कामाला होते. एका सकाळी ते ‘चल, जातो’ म्हणून निघाले आणि अपघातात गेले. ते तसं खरंच म्हणाले होते का, कोणास ठाऊक. मी तेव्हा दोन वर्षांची होते. पण आईनं ते धरून ठेवलं.

नागपूरला निघाले त्या दिवशी मी सोळा वर्षांची होते आणि अंगात शहर आधीच शिरलेलं होतं. बॅग उचलली आणि म्हणाले, "जातो माय." तिनं माझा दंड धरला, मला मागे ओढून खाटेवर बसवलं, तांब्याभर पाणी आणलं आणि सगळं प्यायला लावलं. मग म्हणाली, "आता नव्यानं नीघ. येतो म्हन." बाहेर बस हॉर्न देत होती. मला तिचा भयंकर राग आला होता. मी रागातच ‘येतो’ म्हणाले. तिनं ‘येजो’ म्हटलं तेव्हा तिच्या आवाजात काय होतं, ते ऐकायला मी थांबले नाही.

गेल्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, एका दुपारी आई सुपाशेजारी कलंडलेली मावशीला दिसली. मी तलावाच्या पाळीवर होते, फोनला रेंज तिथेच नीट मिळते. गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला. गोंदियाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जान तो बच गयी बेटा, ज़बान का बाद में देखेंगे." जीव खरंच वाचला. उजवा हात जड राहिला, पाय महिन्याभरात चालू लागला. बोलणं मात्र गेलं. सगळ्याला मिळून तिच्याकडे एकच शब्द उरला, ‘हे’. पाणी हवं असलं तरी हे, शेळी सुटली तरी हे, माझ्याकडे बोट करून माझं नाव घ्यायचं असलं तरी हे. आपण भलतंच बोललो हे तिला कळायचं. कळायचं म्हणूनच तिचा चेहरा तसा व्हायचा.

मला वाटलं, हे तर आपलंच काम आहे. जगात कोणाच्या नाही ते आपल्या हातात आहे. शब्द कापायचा, तुकडे सुटे करायचे, एकेक तुकडा बोलायला लावायचा, मग जोडायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मी चौकोनी पत्ते केले. एकावर ‘पा’, दुसऱ्यावर ‘णी’. एकावर ‘शे’, दुसऱ्यावर ‘ळी’. आईला अक्षरओळख होती; साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. रोज सकाळी चहा झाला की तिच्यासमोर चटई टाकायची आणि पत्ते मांडायचे.

"पा म्हण, माय."

"बा."

"बा नाही. पा. परत."

"हे."

"हे नाही. ओठ बघ माझे. पा."

शेजारी वही होती. त्यात मी तारीख घालायचे, शब्द लिहायचे आणि चुकला की लाल फुली. मला ती फुली मारताना वाईटसुद्धा वाटत नव्हतं, कारण दिवसभर माझ्या तक्त्यांवर कोणीतरी तशाच मारायचं. दोन आठवडे हे चाललं. मावशी एकदा दारातून बघून म्हणाली, "कायले जीव खाऊन राहिली तिचा?" मी तिला म्हणाले, तुला यातलं काही कळत नाही. तेव्हा मला सगळंच कळत होतं.

मग एका सकाळी मी पत्ते मांडले, ‘पा’वर बोट ठेवलं, आणि आई काही बोललीच नाही. ‘हे’सुद्धा नाही. तिनं डावा हात पुढे केला. एकेक पत्ता बोटांनी चाचपला, आणि तळहाताच्या कडेनं हळूच बाजूला सारला. पा सारला, णी सारला, शे, ळी, भा, त. सगळे पत्ते चटईच्या काठावर ढिगाला लागले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ठेकेदाराच्या माणसासमोर उभी असायची तेव्हा ती जशी दिसायची तशीच दिसत होती.

मला उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना. आयुष्यभर हिची छाट काढणारा एक होता. तो सुटला तर घरात मी तयार झाले. त्या दिवशी मी पत्ते चुलीत घातले. वही ठेवली आहे, ती का ते सांगता येणार नाही.

नागपूरच्या दवाखान्यात वाचेवर उपचार करणारी एक तरुण मुलगी होती. ती आठवड्यातून एकदा फोनवर आईला बघायची. तिला मी हे सगळं सांगितलं, फुल्यांसकट. ती रागावली नाही, पण म्हणाली, "तुम्ही त्यांची परीक्षा घेत होतात. परीक्षेत तुमचंही बोलणं बंद झालं असतं." मग तिनं एक गोष्ट समजावली जी मला आठ वर्षं भाषा शिकून माहीत नव्हती. आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं त्या त्या वेळी जोडून बोलतो. पण काही बोलणं आधीच बांधून ठेवलेलं असतं: आकडे, वार, रोजची प्रार्थना, शिव्या, कोणी विचारलं तर ‘बरी आहे’. ते वेगळ्या जागी राहतं. जोडायची ताकद गेली तरी बांधलेले कट्टे पुष्कळदा शाबूत सापडतात. "ते बाहेर येऊ द्या," ती म्हणाली, "आणि मधे बोलू नका."

पुढच्या पौर्णिमेला मावशीनं विहारातल्या सात-आठ बाया दुपारीच आमच्या अंगणात आणल्या. मी नको म्हणत होते. आईला चारचौघींत ‘हे हे’ करताना कोणी बघावं असं मला वाटत नव्हतं. मावशी म्हणाली, "तिची लाज तिले नाही, तुलेच काऊन?" सतरंज्या टाकल्या, मेणबत्ती लावली. पुढे कोणी म्हणायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली, आणि तिची पोरगी.

त्रिशरण मी नीट म्हटलं. पंचशीलाच्या तिसऱ्या ओळीवर अडले. लहानपणापासून हजारदा मागून म्हटलेली ओळ. पण मागून म्हणणं वेगळं आणि पुढे बसणं वेगळं. मी पहिला शब्द शोधत होते आणि बाया वाट बघत होत्या. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला. भरडा, जरा जड, पण शब्द न शब्द धड. आईनं ती ओळ पूर्ण म्हटली. सवयीनं सगळ्या बायांनी ती ओळ मागून म्हटली. आईनं चौथी म्हटली. पाचवी म्हटली. पुढची वंदना अख्खी म्हटली. मावशी पदर तोंडात कोंबून रडत होती आणि तरीही ओळी म्हणत होती.

मला इतका आनंद झाला की मी नको तेच केलं. वंदना संपताच आईचे खांदे धरले आणि म्हणाले, "माय, पानी पायजे का?" तिनं तोंड उघडलं. ओठ जुळवले. मी तिच्या ओठांकडे बघत होते आणि तेही तिला दिसत होतं.

"हे," ती म्हणाली, आणि रडू लागली.

त्या संध्याकाळी माझा राग कुणावर होता हे मला आजही नीट सांगता येत नाही. पालीतली ओळ येते आणि पाणी येत नाही, हा कसला न्याय, असं वाटत होतं. तक्ता उघडून बसले, काम सुचेना. समासात सहज ‘गच्छामि’ लिहिलं आणि दोन्ही रकान्यांसाठी कापलं. तोंडानं तीन तुकडे: गच्, छा, मि. अर्थानं दोन: ‘गच्छ’ म्हणजे जाणं, ‘आमि’ म्हणजे मी. आमचं काम तिथेही चालत होतं. पण आई हा शब्द पन्नास वर्षं अख्खा बोलत आली. त्यात ‘मी’ कुठे आहे हे तिला कधी शोधावं लागलं नाही. खोडून टाकलं आणि पुढे गेले.

त्यानंतर घरात हळूहळू बोलणं सुरू झालं. कोणी "कशी हास?" विचारलं की आई म्हणायची, "बरी आहो." ताटात भात जास्त पडला की, "बस बाई." एक दिवस मी दुकानात निघताना सवयीनं म्हणाले, "येतो माय," आणि ती म्हणाली, "येजो." मी रस्त्यावर जाऊन दहा मिनिटं नुसती उभी राहिले. पुढचे चार दिवस मी गरज नसताना दुकानात गेले.

आणि मग मला शंका खायला लागली. शंका हा माझा स्वभावच आहे, त्यावरच पोट भरतं. हे सगळे बांधलेले कट्टेच नव्हते का? ‘बरी आहो’ ती बरी नसतानाही म्हणायची. ताप होता त्या दिवशीही म्हणाली. ‘येजो’सुद्धा मी ‘येतो’ म्हटलं म्हणून यायचं. फ्रेंचमध्ये ‘ते बोलतात’ हे रूप लिहिताना शेवटी तीन अक्षरं लिहितात आणि त्यातलं एकही बोलत नाहीत. ऐकायला नुसतं ‘पार्ल’. पण दुसऱ्या रकान्यात ती तीन अक्षरं वेगळी काढून ठेवावी लागतात, कारण बोलणारे कोण ते तिथेच असतं. ऐकू येत नसलं तरी असतं. तसं रूप तक्त्यात आलं की माझा हात थांबायचा. आईच्या ‘बरी आहो’त आई आहे की नाही, हे मी कुठल्या रकान्यात बघणार होते? मला तिच्याकडून एकच शब्द हवा होता, जो सवयीचा नाही, कोणी शिकवलेला नाही, तिनं स्वतः जोडलेला. एवढं कळलं असतं की ती आत आहे, तर बाकी आयुष्यभर ‘हे’ चाललं असतं.

धान पेरायच्या सुमारास कंपनीचा निरोप आला. घरून काम बंद. पुण्याला येऊन बसायचं असेल तर पुढच्या महिन्यापासून या. नसेल तर लॅपटॉप परत पाठवा. मी मावशीशी अंगणात बोलले. आई ओसरीवर शेंगा फोडत होती, डाव्या हातानं.

"मी नाही म्हणून कळवणार आहो," मी म्हणाले.

"कायले? मी मेली का?" मावशी म्हणाली. "भात मी चारीन, दवाई मी देईन. तू जाय."

"माय बोलत नाही ना. काही दुखलं तर सांगन कशी?"

"बोलत होती तवा कोनतं सांगत होती?"

हे खरं होतं. तरी मी हटले नाही. आई अशी असताना तिला टाकून गेले असं गाव म्हणेल, असं मी मावशीला म्हणाले. मनातलं कारण दुसरं होतं. तो एक शब्द आला आणि मी इथे नसले तर, याची मला भीती वाटत होती. आईनं शेंगा फोडणं थांबवलं होतं, ते मला दिसलं. पण तिला सगळं समजतं हे मी तेव्हा मानत असूनही मानत नव्हते.

तीन दिवसांनी लॅपटॉप खोक्यात घातला, खोकं पिशवीत घातलं. नवेगाव बांधला जाऊन कुरिअर करायचं होतं. सकाळची बस होती. मावशी आईपाशी बसायला आली होती. मी चप्पल घातली, पिशवी खांद्याला लावली आणि उंबऱ्यातून म्हणाले, "येतो माय."

आई पिशवीकडे बघत होती.

"येतो," मी पुन्हा म्हणाले.

"जाय," ती म्हणाली.

मला वाटलं, चुकली. आणि इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडून तेच निघालं, "जाय नाही माय. येजो म्हन." मावशीही घाबरून म्हणाली, "असं नोको म्हनू वं बाई, येजो म्हन."

आईनं मान हलवली, नाही म्हणून. खाटेच्या कडेला हात टेकून उठली, माझ्यापर्यंत चालत आली. डाव्या हातानं माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून उतरवली, खोकं बाहेर काढलं आणि माझ्या छातीशी लावून धरलं. मला ते दोन्ही हातांनी धरावं लागलं. मग तिनं रस्त्याकडे बोट केलं. नवेगाव बांधची बस डावीकडे जाते, तिनं बोट केलं उजवीकडे, कोहमाऱ्याकडे, जिथून नागपूरच्या आणि पुढच्या गाड्या मिळतात.

"जाय," ती म्हणाली. तिचा चेहरा घामेजला होता. हा शब्द तिला बांधलेला सापडला नव्हता. तो कट्टा आमच्या घरात कधी बांधलाच गेला नव्हता. बावीस वर्षं तिनं तो दाराशी येऊ दिला नव्हता, मला ओढून पाणी पाजून परत पाठवलं होतं. तो तिनं कुठून तरी खणून काढला होता, त्याची भीती वाटत असताना काढला होता, आणि माझ्यासाठी काढला होता. मी दारातच खाली बसले. मला खूप रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मावशीला दुसरं काही सुचेना, तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. आई ते मी संपवेपर्यंत समोर उभी राहिली. त्या दिवशीची नवेगाव बांधची बस गेली. नकाराचं पत्र मी लिहून ठेवलेलं होतं, ते फोनमधून पुसून टाकलं.

आता मी पुण्यात आहे. दुसऱ्या आठवड्यात माझ्या वाट्याला तक्त्यात ‘जाणं’ हे क्रियापद आलं. फ्रेंचमधलं सगळ्यात विस्कळीत. एका रूपाचं मूळ दुसऱ्याला नाही, आपल्या ‘जा’ आणि ‘गेली’सारखं. पानभर रूपं कापून झाल्यावर आज्ञेचं रूप आलं, ‘वा’. तोंडानं एक तुकडा, अर्थानंही एकच. दोन्ही रकान्यांत तसंच लिहिलं. तपासणाऱ्या बाईनं लाल खूण केली नाही.

दीड-दोन महिन्यांनी घरी जाते. आईला आता वीसेक शब्द येतात, ‘पानी’ त्यात आहे. परतताना कोहमाऱ्याला जाणारी गाडी दाराशी थांबते, मी पिशवी उचलते आणि म्हणते, "येतो माय." ती म्हणते, "जाय." मावशी अजूनही प्रत्येक वेळी चपापते. मग मी खाली बसते, तांब्याभर पाणी सगळं पिते, आणि निघते.